दोन इंच उंच नाक आणि समोरच्याचे डोळे

इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्ससारखा पिकअप रिकामा असताना सपाट जमिनीवर उभा करून बाजूने पाहिला, तर त्याचे नाक किंचित खाली आणि शेपूट किंचित वर दिसते. महिंद्रा थारच्या अनेक मालकांची आपल्या वाहनाविषयी हीच तक्रार असते. ऑफरोड वाहन समपातळीत उभे असावे, किंबहुना नाक थोडे वरच असावे, तरच ते रुबाबदार दिसते, असा हल्लीचा संकेत आहे. या हौसेवर बाजाराने काढलेला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे स्पेसर. ॲल्युमिनियमची, पोलादाची किंवा पॉलियुरेथेनची एक जाड चकती पुढच्या दोन्ही सस्पेन्शनमध्ये बसवायची, की अर्ध्या दिवसात वाहन ‘लेव्हल’ होऊन बाहेर पडते. दिल्लीपासून कोचीपर्यंत हे काम करून देणारी गॅरेजे आहेत, आणि लडाख-स्पितीच्या वाटेवर दिसणाऱ्या वाहनांत अशी उंच नाके आता नवलाची राहिलेली नाहीत.

या चकतीविषयी देशात दोन मते आहेत आणि दोन्ही टोकाची आहेत. विकणारा म्हणतो, साधा धातूचा तुकडा आहे, त्याने काय बिघडणार? कायदा म्हणतो, निर्मात्याच्या मूळ रचनेत फेरफार नको. गंमत अशी, की या वादात फूटपट्टी मात्र कोणीच हातात घेत नाही. वास्तविक पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने हा प्रश्न अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यालाही पेलावा इतका सरळ आहे, आणि तो सोडवला म्हणजे दिसते, की दोन्ही बाजूंची बोटे चुकीच्या जागी आहेत.

मुळात नाक खाली ठेवतात ते का? बैलगाडी हाकणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ओझे पुढे झाले तर गाडी धुरजड होते, मागे झाले तर उलाळ होते, आणि उलाळ गाडीचे जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. पिकअपचे सगळे ओझे मागच्या आसाच्या आसपास पडते. रिकामा असताना तो समपातळीत ठेवला, तर माल भरल्यावर मागचा भाग बसेल आणि नाक आभाळाकडे जाईल. म्हणून रिकाम्या स्थितीत शेपूट वर ठेवायचे, म्हणजे भरल्यावर वाहन समपातळीत येते. एसयूव्हीतही मागच्या बाकावर तिघे बसले आणि त्यांच्यामागे सामान रचले की हेच घडते. रिकाम्या वाहनाचा तो कल भरलेल्या वाहनासाठी राखून ठेवलेली शिल्लक आहे. लेव्हलिंग किट ती शिल्लक आधीच खर्च करून टाकते.

आता चकतीचे काम पाहू. आजच्या थारमध्ये, तसेच वर उल्लेखलेल्या पिकअपमध्ये, पुढचे सस्पेन्शन डबल विशबोन पद्धतीचे आहे. प्रत्येक चाकाला एक वरची आणि एक खालची भुजा असते, आणि स्प्रिंग व शॉक अब्सॉर्बर यांची जोडी खालच्या भुजेवर टेकलेली असते. ती चाकापाशी टेकत नाही, भुजेच्या मधल्या भागात कोठेतरी टेकते. येथे तरफेचा नियम लागू होतो. समजा, स्प्रिंग भुजेच्या बरोबर मध्यावर टेकली आहे. मग स्प्रिंगच्या टोकापाशी २५ मिलिमीटर जागा घातली, तर चाकापाशी ५० मिलिमीटरचा फरक पडतो. प्रत्येक वाहनाचे हे गुणोत्तर निराळे असते, म्हणून एकाच जाडीची चकती एका वाहनाला दीड इंच उचलते आणि दुसऱ्याला दोन इंच. ‘एक इंचाचा स्पेसर’ आणि ‘एक इंचाची लिफ्ट’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे अनेक जाहिरातींत स्पष्ट केलेले नसते. मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या साध्या मोटारीत मात्र जाडी आणि उंची जवळजवळ सारखीच राहते, कारण तेथे स्ट्रट चाकाच्या खुंट्यालाच जोडलेला असतो.

चकती बसवण्याच्या दोन जागा आहेत, आणि त्यांच्यातला भेद फार महत्त्वाचा आहे. पहिली जागा स्ट्रटच्या डोक्यावर, म्हणजे संपूर्ण जोडी आणि सांगाडा यांच्यामध्ये. दुसरी जागा जोडीच्या आत, स्प्रिंग आणि तिची बैठक यांच्यामध्ये. दुसऱ्या पद्धतीत स्प्रिंग उघडून बसवताना ती अधिक दाबावी लागते, म्हणून लोक समजतात की ती ‘कडक’ झाली. हा समज चुकीचा आहे. हूकचा नियम सांगतो, की स्प्रिंग किती दबेल हे तिच्यावरच्या भारावर अवलंबून असते. वाहनाचे वजन तेच, तरफेचे गुणोत्तर जवळजवळ तेच, तर उभ्या वाहनाखाली स्प्रिंगची लांबीही तीच राहणार. चकतीने बदलते ती फक्त तिची जागा. स्प्रिंगचा ताठरपणा तसूभरही वाढत नाही. तरीही असे वाहन खड्ड्यात आदळते आणि चालवणारा म्हणतो की सस्पेन्शन कडक झाले. त्याची तक्रार खरी असते, कारण मात्र निराळे असते.

ते कारण चाकाच्या चालीत आहे. उभ्या स्थितीपासून चाक किती वर जाऊ शकते आणि किती खाली लोंबू शकते, या दोन चालींची बेरीज शॉक अब्सॉर्बरच्या लांबीने ठरलेली असते. स्प्रिंगच्या बैठकीत चकती घातली, की उभ्या स्थितीतच शॉक अब्सॉर्बर अधिक ताणलेला राहतो. वरची चाल वाढते आणि तितकीच खालची घटते. आधी चाक ९० मिलिमीटर खाली लोंबत असेल आणि वाहन ५० मिलिमीटर उचलले असेल, तर खालच्या चालीत ४० मिलिमीटर उरतात. रस्त्यावरच्या उंचवट्यावरून उतरताना चाक जमिनीमागोमाग खाली जायला निघते आणि चाळिसाव्या मिलिमीटरला शॉक अब्सॉर्बर आतल्या आत अडतो. तो ‘टक्’ आवाज आणि त्यासोबतचा धक्का म्हणजेच लोकांचा ‘कडकपणा’.

यातला विरोधाभास ऑफरोडच्या हौशींनी ध्यानात घ्यावा असा आहे. खडकाळ वाटेवर वाहनाची खरी क्षमता त्याच्या उंचीइतकीच चाके जमीन धरून ठेवण्यावर अवलंबून असते. एका बाजूला खळगा आला की चाक त्यात पोचले पाहिजे. ते पोचले नाही तर हवेत फिरत राहते, आणि साधा डिफरन्शियल दुसऱ्या चाकालाही त्याहून जास्त जोर देत नाही. म्हणजे स्प्रिंगच्या बैठकीत जाड चकती घालून उंच केलेले वाहन दिसायला अधिक रांगडे असते आणि प्रत्यक्ष खळग्यांच्या वाटेवर मूळ वाहनाहून लवकर अडते.

स्ट्रटच्या डोक्यावर बसवलेल्या चकतीत हा दोष नसतो. तेथे उभ्या स्थितीत शॉक अब्सॉर्बरची लांबी बदलत नाही, त्यामुळे लोंबण्याची मुभा कायम राहते. पण तिची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. आता चाक पूर्वीपेक्षा अधिक खाली जाऊ शकते, इतके खाली की ज्याचा विचार भुजा, बॉल जॉइंट आणि चाकाला शक्ती पोचवणारा ॲक्सल आखताना केलेलाच नव्हता. ॲक्सलची लांबी अर्धा मीटर धरली तर चाक ५० मिलिमीटर खाली गेल्याने त्याच्या दोन्ही टोकांच्या सी. व्ही. जॉइंटच्या कोनात साडेपाच अंशांहून अधिक भर पडते. काही वाहनांत पूर्ण लोंबलेल्या अवस्थेत वरची भुजा स्प्रिंगच्या वेटोळ्याला जाऊन घासते. शिवाय ज्या वाहनात चाकाची वरची चाल थांबवणारा रबरी ठोकळा स्ट्रटबाहेर, सांगाड्यावर असतो, तेथे स्ट्रट खाली सरकल्यामुळे तो ठोकळा कामाला येण्याआधीच शॉक अब्सॉर्बर तळाला आदळतो. जो घाव रबराने सोसायचा तो तेलाच्या नळकांड्याने सोसायचा, असा हा बदल.

मारुती जिम्नीची गोष्ट निराळी. तिच्या पुढे-मागे सलग आस आहेत, स्प्रिंगा आसावर टेकलेल्या आहेत. तेथे चकतीने वाहन उचलले की आस धरून ठेवणाऱ्या भुजा खाली झुकतात आणि पुढचा आस स्वतःभोवती किंचित फिरतो. त्याने कॅस्टर कोन घटतो, आणि कॅस्टर घटला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होण्याची ओढ मंदावते. आसाला आडवा बांधून ठेवणारा पॅनहार्ड रॉड अधिक तिरपा होऊन आस एका बाजूला सरकतो, तोही थोडासा. डबल विशबोनमध्ये कॅम्बर, कॅस्टर आणि टो हे तिन्ही कोन बदलतात. म्हणून कोणत्याही प्रकारच्या स्पेसरनंतर अलाइनमेंट अनिवार्य आहे. टायर एका कडेने झिजू लागेपर्यंत वाट पाहणे ही या विषयातली सर्वांत सामान्य आणि सर्वांत महाग आळशीपणाची सवय आहे.

बरे, या सगळ्यातून मिळते काय? ग्राउंड क्लिअरन्स वाढतो हे उत्तर बहुतेकांच्या ओठांवर असते. थारचा अधिकृत ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर आहे. मागे सलग आस असलेल्या वाहनात सर्वांत खालचा भाग बहुधा मागच्या डिफरन्शियलचा गोळा असतो, आणि तो थेट चाकांच्या आधारावर उभा असतो. पुढे दोन इंच चकत्या घातल्या काय, चार इंच घातल्या काय, तो गोळा जागचा हलत नाही. त्याला उचलायचे तर मोठ्या व्यासाचे टायरच हवेत. खरी वाढ होते ती ॲप्रोच अँगलमध्ये, म्हणजे बम्पर न घासता जितक्या खड्या चढावर चाक लावता येते त्या कोनात. थारचा हा कोन ४१.८ अंश आहे. पुढून दोन इंच उचलल्याने त्यात ढोबळमानाने तीन-चार अंशांची भर पडावी. मात्र वाहन मागच्या आसाभोवती फिरत असल्याने मागचा बम्पर खाली येतो आणि ३६.८ अंशांचा डिपार्चर अँगल अंशाभराने कमी होतो. ४१.८ अंशांच्या चढाला अडणारे वाहन या देशात किती चालक रोज चालवतात, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

येथवरचे सारे नफेतोटे मालकाचे स्वतःचे आहेत. त्याचे टायर, त्याचा सी. व्ही. जॉइंट, त्याची पाठ. कोणी आपल्या पैशांनी आपली पाठ दुखवून घेत असेल तर समाजाने फार मनावर घेण्याचे कारण नाही. पण वाहनाच्या पुढच्या भागात दोन दिवे असतात आणि त्यांचा उजेड दुसऱ्यांच्या डोळ्यांत जातो.

हिशेब साधा आहे. थारच्या दोन आसांमधले अंतर २४५० मिलिमीटर. पुढचे टोक ५० मिलिमीटर उचलले तर वाहनाचा कल ५० भागिले २४५०, म्हणजे सुमारे २.०४ टक्क्यांनी बदलतो. अंशांत सांगायचे तर १.१७. नुसत्या डोळ्याला हा फरक शोभेचा वाटतो. आता लो बीमकडे पाहू. लो बीमच्या झोतावरची कडा मुद्दाम जमिनीकडे झुकवलेली असते, साधारणपणे एक ते दीड टक्का, म्हणजे दहा मीटर अंतरावर दहा ते पंधरा सेंटीमीटर खाली. याच एवढ्याशा झुकण्यामुळे समोरून येणारा माणूस आंधळा होत नाही. वाहनाचा कल दोन टक्क्यांनी वर गेला, की खाली एक टक्का झुकलेला झोत वर एक टक्का उचलला जातो. चिन्हच बदलते. जो दिवा रस्ता दाखवण्यासाठी होता तो आकाशाकडे, आणि वाटेत येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याकडे, वळतो.

आकड्यांत मांडले तर अधिक स्पष्ट होईल. दिवा जमिनीपासून ९० सेंटीमीटर उंचीवर आहे असे धरा. मूळ स्थितीत ५० मीटरवर झोताची वरची कडा ४० सेंटीमीटर उंचीवर असते, समोरच्या मोटारीच्या बम्परपाशी. पुढून ५० मिलिमीटर उचलल्यावर दिवा स्वतः ९५ सेंटीमीटरवर जातो आणि झोताची कडा ५० मीटरवर सुमारे १४७ सेंटीमीटरवर पोचते. मोटार चालवणाऱ्याचे डोळे याच्या बरेच खाली असतात, दुचाकीस्वाराचे जवळपास याच उंचीवर. म्हणजे लो बीम लावूनही हे वाहन व्यवहारात अप्पर मारत येते, आणि चालकाला त्याचा पत्ताही नसतो. उलट त्याला वाटते, की आपले दिवे आता लांबवर पडतात, लिफ्टचा हा आणखी एक फायदा!

भारतात रात्रीचे दुपदरी रस्ते कसे असतात हे सांगायला नको. मध्ये दुभाजक नाही, कडेचा पट्टा पुसलेला, पट्ट्याबाहेर पायी चालणारी माणसे, दिवा नसलेली सायकल, उसाची ट्रॉली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. यातल्या किती मृत्यूंना डोळ्यांवर आलेला झोत कारण होता हे त्या आकड्यातून काढता येत नाही, आणि तसा दावा येथे नाही. पण ज्या झोताची कडा दीड मीटरपाशी पोचते तो नेमका कोणत्या वर्गाच्या माणसांच्या डोळ्यांवर पडतो, हे भूमितीच सांगते.

येथे कोणी म्हणेल, की वाहनात दिव्यांची पातळी खाली-वर करण्याचे चक्र असते, शून्य ते तीन अशा खुणांचे. ते असते, आणि चकती बसवल्यावर ते फिरवून झोत काही प्रमाणात खाली आणताही येतो. पण ते चक्र मागे ओझे बसल्यावर नाक वर जाते, त्यासाठी दिलेले आहे. चकतीसाठी ते वापरून टाकले, तर पाच माणसे आणि सामान भरून वाहन निघाले तेव्हा फिरवायला काही उरत नाही. पुन्हा तीच शिल्लक आधी खर्च केल्याची गोष्ट.

योग्य उपाय दहा मिनिटांचा आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. चकती बसवण्यापूर्वी वाहन सपाट जमिनीवर भिंतीपासून दहा मीटरवर उभे करावे, लो बीमची कडा भिंतीवर खडूने आखावी. बसवून झाल्यावर वाहन त्याच जागी उभे करून पाहावे. वरच्या उदाहरणात ती रेघ ८० सेंटीमीटरवरून १०५ वर गेलेली दिसेल. दिवा पाच सेंटीमीटर वर गेला आहे, तेव्हा रेघ ८५ वर असायला हवी. दिव्यामागचा स्क्रू फिरवून ती तेथे आणावी. इतकेच. टायरमधली हवा आणि इंधनाची पातळी दोन्ही वेळा सारखी असावी, हे प्रयोगशाळेत शिकलेल्यांना सांगावे लागू नये. लेव्हलिंग किट बसवून देणाऱ्या गॅरेजांत अलाइनमेंटचे यंत्र असते, धातूवर कोरीव नाव असलेल्या चकत्या असतात, काम झाल्यावर काढायच्या छायाचित्रांसाठी खास प्रकाशयोजना असते. भिंतीवर खडूची रेघ मात्र क्वचित दिसते.

नव्या वाहनांत याच कोनाचा दुसरा परिणाम वाढत जाणार आहे. थार रॉक्ससारख्या वाहनांत काचेमागे कॅमेरा असतो आणि तो पुढचे अडथळे पाहून ब्रेक लावण्याचा निर्णय घेतो. दोन टक्क्यांचा कल म्हणजे ५० मीटरवर नजरेचा मध्य एक मीटर वर. लांबच लांब व्हीलबेसच्या वाहनात हा आकडा थोडा कमी होतो, पण नाहीसा होत नाही. अशा वाहनाचे अंशांकन निर्मात्याच्या पद्धतीने पुन्हा करून घेतल्याविना त्याच्या स्वयंचलित ब्रेकवर भिस्त ठेवणे धाडसाचे आहे.

गुरुत्वमध्याची भीती मात्र थोडी अतिरंजित आहे, आणि विज्ञानाची बाजू घेणाऱ्याने तेही बोलले पाहिजे. फक्त पुढून ५० मिलिमीटर उचलले तर गुरुत्वमध्य सुमारे २५ मिलिमीटर वर जातो. तो मूळ ७५ सेंटीमीटरवर असेल तर उलटण्यास होणारा विरोध तीनेक टक्क्यांनी घटतो. तुलनेसाठी, अठराशे किलोच्या वाहनाच्या टपावरच्या कॅरियरवर, जमिनीपासून १९० सेंटीमीटर उंचीवर, शंभर किलो सामान बांधले तर गुरुत्वमध्य सहा सेंटीमीटर वर जातो, म्हणजे चकतीच्या दुपटीहून अधिक. टपावर सामान बांधणे बेकायदा समजले जात नाही. हीच विसंगती कायद्याच्या प्रश्नाकडे घेऊन जाते.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निकाल बाजूला सारून हे बंधन ठामपणे अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आले आणि नियमबाह्य फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. कायद्याचा हेतू वाजवी आहे. वाहनाचा नमुना पुण्याच्या ए. आर. ए. आय.सारख्या संस्थेत कसोट्या पार करून रस्त्यावर येतो, आणि नाक्यावरच्या गॅरेजने त्या कसोट्यांवर पाणी फिरवू नये, हे कोणालाही पटेल. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात फेरफार म्हणजे वाहनाचे मूलभूत वैशिष्ट्य बदलणारा रचनेतला बदल, असे म्हटले आहे. पंचवीस मिलिमीटरची चकती मूलभूत वैशिष्ट्य बदलते का? कोणी हो म्हणेल, कोणी नाही. मिलिमीटरमध्ये उत्तर कोठेच नाही. परिणामी जो पोलीस वा आर. टी. ओ. अधिकारी समोर उभा असेल त्याच्या मतावर सगळे येऊन थांबते, आणि मत व दंड यांच्यामधल्या मोकळ्या जागेत काय चालते, ते वाचकांना ठाऊक आहे.

ज्यावर सरसकट बंदी असते ते मोजले जात नाही. चकती बेकायदा समजली, की तिचा कोणता मिश्रधातू, कोणत्या प्रतीचे बोल्ट, किती जाडी, यावर कोणी प्रमाण ठरवत नाही, आणि गिऱ्हाईक कारखान्यात तपासलेली चकती व लेथवर अंदाजे कातलेली चकती यांत भेद करू शकत नाही. ऑस्ट्रेलियात सस्पेन्शन किती मिलिमीटर उचलता येते याच्या लेखी मर्यादा आहेत आणि त्यापलीकडे अभियंत्याचे प्रमाणपत्र लागते. जर्मनीत सुट्या भागाला तपासणी संस्थेचा अहवाल जोडलेला असतो. भारताला ही कल्पना परकी नाही. सी. एन. जी. किट मंजुरी घेऊनच बसवले जाते, अपंग व्यक्तींसाठी वाहनात बदल करण्याची वाट कायद्याने ठेवली आहे, आणि २०१९च्या दुरुस्तीने अशा बदलांचे निकष ठरवण्याचा अधिकारही केंद्र सरकारला दिला आहे. पिथमपूरचे नॅट्रॅक्स, मानेसरचे आयकॅट, पुण्याची ए. आर. ए. आय. यांपैकी कोणत्याही संस्थेला प्रत्येक वाहनासाठी चकतीची सुरक्षित जाडी, शॉक अब्सॉर्बरची उरलेली चाल आणि सी. व्ही. जॉइंटचा कोन काढून देणे अवघड नाही. वीस-पंचवीस मिलिमीटरची लिफ्ट, प्रमाणित भाग, अलाइनमेंट आणि दिव्यांच्या पातळीचा दाखला, एवढ्या अटींवर परवानगी द्यावी. त्यापुढच्या उंचीसाठी वाहनाची स्वतंत्र तपासणी व्हावी. आणि दिव्यांची पातळी न साधलेल्या वाहनाला, मग ते मूळ उंचीचे का असेना, खरोखर दंड व्हावा.

हे काम करायला माणसे नाहीत असेही नाही. २००७ पासून होत असलेल्या बाजा एस. ए. ई. इंडिया स्पर्धेत देशभरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वतः आखलेली एकआसनी ऑफरोड वाहने घेऊन उतरतात. भुजांची लांबी, तरफेचे गुणोत्तर, चाकाची वरची-खालची चाल हे सारे त्यांना कागदावर मांडून परीक्षकांसमोर सिद्ध करावे लागते, आणि तांत्रिक तपासणी पार केल्याविना वाहन मैदानात जात नाही. तेच विद्यार्थी पदवीनंतर एखादे वाहन घेतात, तेव्हा त्यांच्यासमोर दोनच वाटा असतात, हात न लावणे किंवा चोरून लावणे. दोन्ही वाटांवर त्यांच्या शिक्षणाचा काही उपयोग नाही.

नियम बदलायला वर्षे लागतील. दिव्यांच्या बाबतीत तेवढे थांबण्याचे कारण नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तोवर तिच्या दिव्यांची पातळी सरकारी तपासणीत एकदाही पाहिली जात नाही. पी. यू. सी. मात्र दरवर्षी लागते, आणि त्यासाठी वाहन पेट्रोल पंपाच्या आवारातल्या केंद्रावर उभे करावेच लागते. धूर मोजणारी नळी आत असेपर्यंत समोरच्या भिंतीवरच्या एका आडव्या रेघेशी लो बीमची कडा ताडून पाहायला दोन मिनिटे पुरतात. ती रेघ पी. यू. सी.च्या नियमात घालण्यासाठी कलम ५२ला हात लावावा लागत नाही, आणि चकती लावलेल्या, मागे ओझे लादलेल्या व नुसतेच दिवे सैल झालेल्या, अशा तिन्ही वाहनांना ती सारखीच लागू पडते.